वरणगावकरांच्या नावाची खोली

१

महिनाभर राहायचं म्हणून समुद्रकाठी गेलेलं जोडपं सहाव्या दिवशी सगळ्या बोचक्यांनिशी परत आलं, तर गल्लीपासून ते लपत नाही. भाईदास सुरवाडे आणि द्रौपदाबाई गुरुवारी दुपारी रिक्षातून उतरले तेव्हा जळगावात ऊन मी म्हणत होतं, तरी तीन दारं किलकिली झाली. शेजारच्या कोकिळाअक्कांनी तर आपलं दार सताड उघडलं. चोरून बघायचं आपलं वय गेलं, असं त्यांचं म्हणणं. आणि ऐकायची तर त्यांची नोकरीच होती. एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली बाई. माणूस काय बोलतो याच्या आधी तो काय गाळतो, हे त्यांना ऐकू यायचं.

पुढच्या बुधवारी सकाळी भाईदासभाऊ स्वतःच त्यांच्या ओट्यावर येऊन बसले. वरणगावच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं काढलेला, ताठ मानेचा माणूस, पण त्या दिवशी खांदे पडले होते. एका फोनचा छडा लावायचा आहे, म्हणाले. कोणी केला ते त्यांना ठाऊकच होतं, फक्त पुरावा हवा होता.

हकीकत अशी. निवृत्त झाल्यावर समुद्राजवळ लहानसं घर घ्यायचं, हे भाऊंच्या डोक्यात कैक वर्षांचं. गावही ठरलं होतं. त्याचं नाव मी सांगत नाही, तशी गावं पुष्कळ आहेत आणि नाव सांगून ती सुधारतील असंही नाही. घर शोधायचं तर आधी महिनाभर तिथं राहायला हवं. कुठे राहायचं, यावर दोन महिने घरात खल चालला. मुलगा युवराज म्हणाला लॉज बघा. फॅक्टरीतला जिवलग दोस्त नासीर म्हणाला, माझ्या साडूचं, हसीबचं, घर आहे बंदराजवळ, वरचा मजला रिकामाच आहे, भाड्याचं नावही काढू नका. भाऊंनी दोन्ही नाकारलं आणि वरच्या आळीतल्या एका बाईंची अंगणातली खोली फोनवरून ठरवली. नव्या गावात आपण कुठे उतरतो त्यावरून गाव आपल्याला जोखतं, असं त्यांचं गणित होतं. पत्ता चांगला, तर दलाल चांगली घरं दाखवणार.

वीस तासांचा प्रवास करून रविवारी सकाळी दारात पोचले, तर बाई उंबऱ्यातच उभ्या. खोली रिकामी नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, शनिवारी सकाळी तुमच्याच गावाकडच्या एका बाईचा फोन आला होता, हिंदीतून, तिनं सगळं सांगितलं. आणि दार लावून घेतलं. त्याच पावली परत फिरले ते चाळीसगावला उतरून थेट धुळ्याला लेकीकडे. नेमकी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात आखाजीला लेक माहेरी येते. इथे आई-बापच तोंड लपवायला लेकीच्या दारात उभे राहिले. दोन दिवस तिथे काढून मग जळगाव.

अक्कांनी विचारलं, सगळं सांगितलं म्हणजे काय सांगितलं? भाऊ फरशीकडे बघत म्हणाले, "आपली जात सांगितली, अक्का. दुसरं काय सांगणार?"

दुसरं काहीतरी होतं. अक्कांना ते स्वच्छ ऐकू आलं.

पण भाऊ पुढे गेले होते. हिंदीतून बोलणारी बाई म्हणजे नासीरची बायको मेहरुन, यात त्यांना शंकाच नव्हती. तिच्या बहिणीचं घर नाकारलं, त्याचा राग. नासीरनं फोन करायला लावला. येत्या रविवारी वरणगावला पेन्शनरांचं संमेलन होतं, नासीर त्याचा सेक्रेटरी. तिथे शंभर माणसांसमोर उभं राहून मी याचं नाव घेणार, भाऊ म्हणाले.

चौतीस वर्षं एका बसमधून कामावर गेलेली ही दोन माणसं. एकदा चारचौघांत शब्द गेला की नासीरनं आयुष्यभर कमावलेली अब्रू गेली, आणि ही दोस्तीही गेली. अक्कांनी भाऊंकडून एवढंच कबूल करून घेतलं, की शनिवारपर्यंत तोंड उघडायचं नाही.

२

त्या खोलीवाल्या बाईंकडे लँडलाइन होता. मोबाइलला तिकडे रेंज धड नसते. फोन जुना, नंबर दिसायची सोय नाही, त्यामुळे कोणाचा आला ते यंत्र सांगणार नव्हतं. माणसाकडूनच काढायचं होतं.

अक्कांनी दुपारी फोन लावला आणि टेलिफोन खात्यातून बोलतेय असं सांगितलं. खातं सुटून आठ वर्षं झाली होती, पण आवाजानं अजून पेन्शन घेतली नव्हती. निनावी फोनची तक्रार आली आहे, सुरवाडे म्हणून गृहस्थ आहेत, असं म्हटल्याबरोबर पलीकडून बाईंनी विचारलं, "कोण सुरवाडे? माझ्याकडे बुकिंग होतं ते वरणगावकरांच्या नावानं."

अक्का खुर्चीत सरळ बसल्या.

मग बाई सुटल्या. गोड बोलणं, अगदी खोबरेल तेलातलं. मला जातीपातीचं काही नाही हो, म्हणाल्या, आजकाल कोण मानतं? पण माणसानं नाव खोटं सांगावं? जो नाव खोटं सांगतो तो उद्या आणखी काय करेल? खोटारड्यांना मी घरात ठेवत नाही. अक्कांनी विचारलं, खरं नाव सांगितलं असतं तर ठेवलं असतं का? त्यावर बाई म्हणाल्या, तो प्रश्न आला कुठे?

फोन करणाऱ्या बाईनं काय काय सांगितलं, हे मात्र त्यांना नीट आठवत होतं. चार गोष्टी. एक, की यांचं नाव वरणगावकर नाही, सुरवाडे आहे. दुसरी, की हे लोक बौद्ध आहेत. हे सांगताना बाईंनी रिकाम्या घरातसुद्धा आवाज खाली आणला. तिसरी, की हे मटण-मासळी खातात आणि घरात रांधतात. आणि चौथी काहीतरी विचित्र होती. यांची बायको सोबत एक मातीचं भांडं आणणार आहे, ते चुलीवर पालथं घालून त्यावर पोळ्या करणार, अंगणात लाकडं पेटवणार.

"खापर," अक्का म्हणाल्या.

असेल बाई तसंच काही, मला काय माहीत तुमच्याकडचं, असं म्हणून पलीकडून फोन ठेवला गेला.

अक्कांनी संध्याकाळी भाऊंना गाठलं आणि वरणगावकर कोण, म्हणून सरळ विचारलं. भाऊंचा चेहरा उतरला. बाईंनी फोनवर आडनाव विचारलं तेव्हा तोंडून तेच निघालं, म्हणाले. आधार कार्डावर काय वरणगावकर छापलंय का, असं अक्कांनी खडसावलं तर म्हणाले, एकदा तिथे पोचलो, माणसं कशी आहेत ते तिनं पाहिलं, की परत थोडीच पाठवेल. साठी बुद्धी नाठी म्हणतात ती अशी. हे कोणकोणाला माहीत होतं? युवराजला आणि सपनाला, म्हणजे मुलाला आणि सुनेला. आणि द्रौपदाला, पण तिला निघायच्या दिवशी सकाळीच सांगितलं, तिथे गेल्यावर चुकून बोलून जाईल म्हणून. नासीरला? नासीरला कुठल्या तोंडानं सांगणार?

खापराचं विचारलं तेव्हा मात्र भाऊ उसळले. पाचही बोचकी मी माझ्या हातानं बांधली, खापरबिपर काही नव्हतं, म्हणाले. मीच नको म्हटलं होतं. त्या गावात आपली चूल आणि आपला धूर कोणाला दाखवायचा नव्हता. म्हणजे बघा, वर खोटंही बोलली ती मेहरुन.

३

गुरुवारी अक्का नशिराबादला गेल्या. नासीरभाईंचं घर हायवेपासून आत, चार पावलांवर. ओट्यावर मेहरुन बाजेवर बसून लसूण सोलत होती. नासीरभाईंनी खुर्ची पुसून दिली आणि पहिला प्रश्न भाईदासचाच केला. परत आल्याचं कळलं, आठ दिवस झाले, फोन उचलत नाही, तब्येत बिघडली का?

अक्कांना आधीच वाईट वाटायला लागलं. पण काम ते काम. त्यांनी आडून आडून विचारलं, खोलीचं बुकिंग कोणाच्या नावानं होतं म्हणे?

नासीरभाईंना प्रश्नच कळला नाही. कोणाच्या म्हणजे, भाईदास सुरवाडेच्या, म्हणाले. अक्कांनी वरणगावकर सांगितलं. नासीरभाई हसतील असं त्यांना वाटलं होतं. ते हसले नाहीत. फॅक्टरीत भाईदास आपलं नाव कसं घ्यायचा ते त्यांनी सांगितलं. नवा साहेब आला आणि नुसतं भाईदास म्हणाला, की हा पुढे होऊन म्हणायचा, भाईदास उखर्डू सुरवाडे. बापाच्या नावासकट, ठणकावून. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा. त्या माणसानं आडनाव लपवलं?

हे सोंग नव्हतं. सोंगातला आवाज आणि घशातून आलेला आवाज यांतला फरक कळायला अक्कांना हेडफोन लागत नव्हता. शिवाय साधा हिशोब होता: ज्याला खोटं नाव ठाऊकच नाही, तो ते खोटं आहे असं फोनवर सांगेल कसा?

मग त्यांनी ते कटू काम केलं. भाईदासचा संशय कोणावर आहे ते सांगितलं.

मेहरुनच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. ती म्हणाली, "हिंदी में बोली इसलिए मैं? अक्का, हिंदी में तो आधा जलगाव भाजी का भाव करता है."

बरोबरच होतं ते. तिनं आणखी एक सांगितलं. बहिणीचं घर भाऊंनी का नाकारलं ते दोघांना कळलं होतं. त्या मोहल्ल्यात उतरलो तर गावात दुसरीकडे कोणी घर दाखवणार नाही, असं भाऊ युवराजला म्हणाले होते आणि युवराजनं भाबडेपणानं ते इथे येऊन सांगितलं. वाईट वाटलं होतं? हो, वाटलं होतं. पण त्यांनी हसीबला फोन करून वरचा मजला तरीही झाडून ठेवायला सांगितला होता. परक्या गावात काय अडचण येईल, सांगता येतं का?

म्हणजे ते दोघं त्या बंद दारापुढे उभे होते, तेव्हा दहा मिनिटांच्या वाटेवर त्यांच्यासाठी झाडलेली जागा होती. आणि ते स्टेशनकडे वळले. अक्कांनी चहा घेतला, पण तो गोड आहे की अगोड हेही त्यांना कळलं नाही.

निघताना नासीरभाई म्हणाले, मी निर्दोष आहे हे त्याला सांगायला जाऊ नका, अक्का. ज्यानं केलं त्याचं नाव मात्र शोधा.

४

उरलं भाईदासभाऊंचं स्वतःचं घर. तिथे खोटं नाव तिघांना माहीत होतं आणि फोनवर बाईचा आवाज होता. म्हणजे सपना, नाहीतर द्रौपदाबाई. युवराजनं सपनाकडून करवून घेतला असंही होऊ शकतं.

युवराजला कारण होतं. आई-बाप निघून गेले की घरातली दोन लहान पोरं कोण सांभाळणार? तो ते लपवतही नव्हता. अक्कांना म्हणाला, मी तोंडावर सांगितलं होतं, नका जाऊ, निदान शाळा सुरू झाल्यावर जा. बाबा ऐकतात का कोणाचं? लॉजचं सुचवलं ते यासाठीच, की लॉजवर राहून आठ दिवसांत कंटाळतील. खोट्या नावाला त्यानं विरोध केला होता का? त्यानं नजर फिरवली. आपणच जळगावात खोली शोधताना दोनदा तसं केलं होतं, म्हणाला. बाबांना ते त्याच्याकडूनच सुचलं असावं.

सपना वेगळी. बोलायला लागली की घरात भांडी किती तेही सांगते. सासू-सासरे गेले तर तिला बरंच वाटलं असतं, असं तिच्या बोलण्यावरून दिसत होतं. पण तिची खरी तक्रार निराळीच निघाली. आखाजीला घरात पूजाबिजा नसली तरी मांडे होतातच. ते खापरावरचे, पातळ, रुमालासारखे. हिनं पहिल्यांदाच एकटीनं पुरण वाटलं, कणीक तिंबली, आणि खापर काढायला गेली तर खापर जागेवर नाही. माळा बघितला, कोठी बघितली. शेवटी तव्यावर केले. तुमच्याकडेही पाठवले होते ना अक्का, कसे झाले होते?

अक्कांना ते आठवत होते. भाकरीएवढे जाड. चांगले होते, म्हणाल्या.

सपना म्हणाली, सासूबाई जाताना लपवून गेल्या. माझ्या हातून फुटेल म्हणून. आल्यावर दुसऱ्या दिवशी बघते तर खापर परत कोपऱ्यात, जागच्या जागी. एवढाही विश्वास नाही माझ्यावर.

अक्कांनी तिच्याकडे बघितलं. बिचारीनं सगळं बरोबर पाहिलं होतं, फक्त अर्थ चुकीचा लावला होता. सासूबाई गेल्या तेव्हा खापर गेलं, आल्या तेव्हा आलं. लपवलेली वस्तू घरात असते. हे खापर घरात नव्हतंच. ते समुद्रापर्यंत जाऊन आलं होतं, भाऊंनी स्वतः बांधलेल्या बोचक्यातल्या गोधडीत. आणि आखाजीच्या दिवशी माळा धुंडाळणाऱ्या सपनाला ते कुठे आहे याची गंधवार्ता नव्हती, म्हणजे फोनवर खापराचं बोलणारी ती नव्हे.

मग एकच बाई उरली. आणि तीच तर स्वतःच्या दोन पायांनी त्या बंद दारापर्यंत गेली होती.

५

रात्रभर अक्कांना ते पटेना. द्रौपदाबाई गल्लीतली सगळ्यांत गरीब गाय. वीस वर्षांत कोणाला उलट बोललेली नाही. जायचं नसतं तर तिनं आजारपण काढलं असतं, पाय मुरगळून घेतला असता, बायकांना त्याचे शंभर मार्ग माहीत असतात. स्वतःलाच दारातून हाकलून घ्यायला कोण फोन करतं? आणि दार बंद होणार हे माहीत असून वीस तास गाडीत कोण बसतं?

आणखी एक गोष्ट टोचत होती. शत्रू फोन करतो तेव्हा पदरचं तिखटमीठ लावतो. दारू पितात म्हणतो, भांडकुदळ आहेत म्हणतो. या फोनमध्ये चिमूटभरही पदरचं नव्हतं. चार वाक्यं, आणि चारही खरी. खापराचं तर भाऊ खोटं म्हणत होते, तेही खरं निघालं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी पुन्हा समुद्रकाठी फोन लावला. शनिवारी बोललेल्या त्या बाईनं फोन ठेवताना शेवटी काय म्हटलं, तेवढंच विचारलं.

मालकीणबाईंना आठवावं लागलं. मग म्हणाल्या, "हां, शेवटी विचारलं तिनं. फिर भी चलेगा ना? असं."

"आणि तुम्ही काय सांगितलं?"

"मी म्हटलं, हो हो, चलेगा. फोनवर अनोळखी माणसाशी कोण वाद घालणार? दारात आल्यावर बघू म्हटलं."

अक्कांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. एकोणतीस वर्षांत हजारो माणसांची बोलणी त्यांच्या कानावरून गेली होती, पण असं कधी गलबलून आलं नव्हतं.

६

दुपारी भाऊ बँकेत गेले तेव्हा अक्का पलीकडे गेल्या. द्रौपदाबाई ओसरीवर गहू निवडत होत्या. अक्कांनी सुपातले खडे वेचायला हात लावला आणि एवढंच म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही त्या बाईला विचारलंत, चालेल ना. ती चालेल म्हणाली, म्हणून तुम्ही गेलात."

द्रौपदाबाईंनी सूप बाजूला सरकवलं. नाकारलं नाही, रडल्याही नाहीत.

"बठ्ठं, सगळं खरं सांगितलं मी," त्या म्हणाल्या. "एक शब्द खोटा नव्हता."

मग हळूहळू सगळं निघालं. त्यांना जायचं नव्हतं असं नव्हे. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. लॉज की मोहल्ला की अंगणातली खोली, यावर दोन महिने घर गाजलं. मुलाचं मत झालं, सुनेचं झालं, नशिराबादहून नासीरभाईंचं आलं. अक्कांच्या लक्षात आलं, की तीन दिवसांत त्यांनी जेवढ्यांशी बोलणं केलं त्या प्रत्येकानं आपलं मत सांगितलं होतं, पण द्रौपदाचं मत काय होतं हे एकाच्याही तोंडून आलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

आखाजी तिकडेच पडते म्हणून द्रौपदाबाईंनी गुपचूप खापर गोधडीत गुंडाळलं. नवं गाव तर नवं गाव, मांडे करू, शेजारी वाटू, त्यातून ओळखी होतील. आणि शनिवारी सकाळी, बोचकी दारात असताना, भाऊ म्हणाले, आजपासून महिनाभर आपण वरणगावकर. तिथे जय भीम म्हणायचं नाही. बाबासाहेबांचा फोटो पिशवीतून काढून ठेव.

लग्न होऊन द्रौपदाबाई जळगावात आल्या तेव्हा खोली शोधताना अकरा दारांतून परत फिरल्या होत्या. अकरा; त्यांनी मोजली होती. त्या वेळी भाऊ एकाही दारात खोटं बोलले नव्हते. नाव सांगायचे, नाही म्हटलं की पुढच्या दारात जायचे. तेव्हाचा तो नवरा त्यांना आवडायचा, म्हणाल्या. आता म्हातारपणी, पेन्शनच्या पैशानं, चोरासारखं राहायचं? महिनाभर? आणि घर मिळालं तर मग मरेपर्यंत?

भाऊ रिक्षा आणायला गेले तेवढ्यात त्यांनी कॅलेंडरवर लिहिलेला नंबर लावला. आपली बोली ऐकून ती बाई हसेल म्हणून हिंदीत बोलल्या. नाव सांगायचा मात्र धीर झाला नाही. सगळं खरं सांगितलं आणि विचारलं, तरी चालेल ना? पलीकडून इतक्या गोड आवाजात हो आलं, की त्यांच्या जिवावरचं ओझं उतरलं. वाटभर त्या खुशीत होत्या. तिथे पोचल्यावर नवऱ्याला सांगायचं ठरवलं होतं, बघा, खरं सांगूनही जागा मिळते.

"मग आठ दिवस गप्प का राहिलात? मेहरुनवर आळ येतोय हे दिसत होतं ना?"

यावर मात्र द्रौपदाबाईंनी मान खाली घातली. पहिल्या दिवशी भाऊंच्या रागाला भ्याले, म्हणाल्या. मग रोज वाट बघितली, की हे कधीतरी मला विचारतील, तुला काय वाटतं कोणी केलं असेल? विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण ते गल्लीभर विचारत हिंडले, मला नाही विचारलं. "तरी ते पाप माझंच शे, अक्का. मेहरुनचं नाव निघालं तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं."

संध्याकाळी भाऊ आल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. अक्का दाराशी उभ्या होत्या. भाऊ चपला न काढता तसेच खाली बसले. मग म्हणाले, तू मला सांगायचं होतंस. द्रौपदाबाई म्हणाल्या, तुम्ही मला विचारायचं होतं.

७

शनिवारी तिघंही नशिराबादला गेले. संमेलन दुसऱ्या दिवशीवर आलं होतं. नासीरभाई ओट्यावर बसून येणाऱ्यांची यादी करत होते. त्यांनी चष्मा काढला आणि उठून उभे राहिले.

द्रौपदाबाईंनी मेहरुनपुढे हात जोडले आणि सगळं सांगितलं, स्वतःचं गप्प राहणंही. मेहरुननं तिचे जोडलेले हात धरून खाली केले, आणि तिला आत घेऊन गेली. थोड्या वेळानं आतून दोघींच्या रडण्याचा आवाज आला, आणि मग भांड्यांचा.

ओट्यावर दोघं दोस्त आणि अक्का. भाऊंनी घसा साफ केला. चूक झाली म्हणाले. संतापात माणसाला काही सुचत नाही, त्या बाईनं दार लावलं आणि डोकंच फिरलं, म्हणाले. उद्या संमेलनात तुझ्याविरुद्ध चकार शब्द काढणार नाही, पाहिजे तर सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो.

नासीरभाईंनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. "वहिनींना मी माफ केलं," ते म्हणाले. "त्या भ्याल्या. भिणाऱ्याला माफ करता येतं."

"आणि मला?"

नासीरभाई शांतपणे बोलले. आवाज चढला नाही, हेच अक्कांना सहन होत नव्हतं. "त्या बाईनं तुला आधी कधी बघितलं नव्हतं. नुसतं तुझं आडनाव ऐकलं आणि दार लावलं. तू तो फोन ऐकलाही नव्हतास. फोन हिंदीत होता एवढं कळलं आणि तू माझं नाव घेतलंस. ती तर तुला ओळखत नव्हती भाईदास, तू मला चौतीस वर्षं ओळखतोस. तिच्यात आणि तुझ्यात काय फरक आहे तेवढा मला सांग. सांगितलास, की मी माफ करतो."

भाऊंनी अक्कांकडे बघितलं, जणू हाही एखादा फोन आहे आणि त्या छडा लावून देतील. अक्कांनी चार दिवस सगळ्यांची उत्तरं काढली होती. या एका प्रश्नाचं त्यांच्याकडे नव्हतं.

घाई नाही, नासीरभाई म्हणाले, सावकाश विचार कर. उद्याच्या संमेलनाला ये, तुझं नाव यादीत आहे, आडनावासकट. मग ते चहाचं बघायला आत गेले. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं नाही. आतून मेहरुननं दोनदा हाक मारली, भाईदासभाऊ, आत या, चहा निवतोय. दार उघडंच होतं, आणि भाईदासभाऊंना उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येईना.